दिवाणजींच्या जागी कोण?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची वडिलांपासूनची हळदीची आडत आहे आणि कुपवाडला हळद पावडरीची छोटी गिरणी. फर्म एकच, दोन्हीकडे मिळून माणसं १४. वडिलांनी ठेवलेले दिवाणजी ३१ वर्षांनी आता थांबतो म्हणतात. त्यांच्या हाताखालचा कारकून ९ वर्षं आहे. ती जागा त्यालाच मिळणार असं सगळे धरून होते. पण सासूबाईंच्या शब्दाखातर दिवाळीपासून मेहुण्यांचा मुलगा पेढीवर बसतो. त्यानं गिरणीवरचा जुना मुकादम काढून स्वतःचा मित्र आणला. कारकुनाला दुसऱ्या पेढीकडून बोलावणं आलंय. पत्नी म्हणते, घरचा मुलगा असताना परक्याच्या हातात तिजोरी कशाला? दिवाणजींना शाल, श्रीफळ आणि अंगठी द्यायचं घरात ठरलंय. पुढे काय करू?
— एक आडते, सांगली

उत्तर : दादा, तुम्ही दिवाणजींना पत्राच्या शेवटी आणलंत, मी त्यांच्यापासूनच सुरुवात करते. शाल द्या, अंगठीही द्या, पण ती ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे दीर्घ नोकरीनंतर मालकानं द्यायच्या एकरकमी पैशांच्या, बदल्यात नव्हे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ पासून लागू आहे. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला, तरी हिशेब तोच : शेवटच्या पगाराला २६ नं भागा, १५ नं गुणा, मग नोकरीच्या वर्षांनी गुणा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल तर ३१ वर्षांचे ४,६५,००० रुपये होतात. दिवाणजी संकोचानं मागणार नाहीत. त्यांनी अर्ज केला नाही तरी रक्कम काढून ३० दिवसांत देणं मालकाचंच काम आहे. उद्या कुणी सुचवेल, यार्ड वेगळं, गिरणी वेगळी दाखवा, म्हणजे दोन्हीकडे दहाच्या आत माणसं होतील. त्या वाटेला जाऊ नका. प्रॉव्हिडंट फंडाची सक्ती २० माणसांपासून सुरू होते, म्हणजे तुमच्या पेढीत बहुधा तोही नसेल. मग म्हातारपणासाठी पेढीकडून या माणसाच्या हातात दुसरं काय पडणार आहे?

मुकादमाचंही पाहा. काढलेल्या माणसाचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा, असं आता वेतन संहिता सांगते. त्याची पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी त्यालाही आहे. आणि त्याला काढलं कुणी? तुमच्या पत्रात तुमचं नाव कुठंच नाही. नेमण्या-काढण्याचा अधिकार तुम्ही त्या मुलाला दिला नव्हता, तरी तो वापरला गेला आणि तुम्ही गप्प बसलात. बाकीची माणसं हेच बघतात. कारकून पगारासाठी निघालाय असं समजू नका. इथे कुणाचं ऐकायचं हे कळेनासं झालं, म्हणून तो निघालाय.

मी आयुष्यभर छोट्या पेढ्यांच्या वह्या तपासल्या. हळदीच्या आडतीत तिजोरीपेक्षा मोठी गोष्ट दिवाणजींच्या डोक्यात असते : कुठल्या शेतकऱ्याला लागणीच्या वेळी किती उचल दिली, कुठला व्यापारी माल उचलतो आणि पैशाला महिना लावतो, कुणाची राजापुरी हळकुंडं न बघता घ्यावीत आणि कुणाचं पोतं खालपर्यंत उकरून बघावं. हे संगणकात नसतं. म्हणून दिवाणजींना विनंती करा, हा हंगाम सकाळचे तीन तास या, त्याचे पैसे वेगळे. कारकून आणि तो मुलगा, दोघांनाही त्यांच्यासमोर बसवा. उचल आणि उधारी नावानिशी लिहून काढू द्या.

जागा कारकुनाला द्या. नेमणुकीचं पत्र, वाढीव पगार, आणि किती रकमेपर्यंत उधारी तो स्वतःच्या सहीनं देऊ शकतो हे लेखी. दिवाणजींच्या निम्म्या पगारात त्यांचं सगळं ओझं त्याच्यावर टाकू नका.

मुलाला घालवू नका. शिकलेला आहे, उत्साह आहे; पावडरीच्या पाकिटांची विक्री वाढवायला असाच कुणीतरी लागतो. पण आधी एक हंगाम त्यानं सौद्यात, म्हणजे हळदीच्या लिलावात, उभं राहावं आणि पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब, करायला कारकुनाकडून शिकावं. पगार बँकेत, हजेरी इतरांच्याच रजिस्टरात. मित्राला ठेवायचं की नाही, ते तुम्ही त्याचं काम बघून ठरवा.

वहिनींची भीती मला खोटी वाटत नाही. तिजोरीची काळजी त्यांनी करायलाच हवी. मग त्यांना दर महिन्याला ताळेबंद दाखवा, त्यांची इच्छा असेल तर भागीदार करून घ्या. पेढीचे निर्णय जेवणाच्या पानावर होतात, कारण हिशेबाच्या वहीसमोर त्यांना कुणी बसवलंच नाही. मेहुण्यांशी मात्र त्यांना बोलायला लावू नका. तुम्ही स्वतः जा, मुलालाही सोबत बसवा आणि त्याचं काम, त्याचा पगार, तो कुणाला उत्तर देणार हे तिथेच सांगा. कारकुनानं त्या दुसऱ्या पेढीला होकार कळवायच्या आत हे झालं पाहिजे.