अंजिराच्या मुळांवर गाठी दिसल्या, झाडं उपटावीत का?

तुम्ही लिहिलंय की तेल्या रोगामुळे डाळिंब काढलं, त्याच जागेवर अंजीर लावलं आणि आता दुसऱ्या वर्षी काही झाडं दुपारी माना टाकतात. उकरून पाहिलं तर मुळांवर गाठी. झाडं उपटायची की औषध सोडायचं, हा तुमचा प्रश्न. मी शेजारच्या माण तालुक्यात अंजीर करतो, जमीन तुमच्या आटपाडीसारखीच हलकी, मुरमाड. या गाठी बहुधा सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत घुसून राहणाऱ्या, डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या धाग्यासारख्या कृमीच्या. सरसकट उपटू नका. आणि एकदा सोडलं की सूत्रकृमी कायमचा गेला, असं औषधही नाही. जो कोणी तसं छातीठोक सांगेल त्याच्याकडून बाटली घेऊ नका.

आधी खात्री करून घ्या. तांबेऱ्यानेही अंजिराची पानं पिवळी पडून गळतात, पण तेव्हा पानामागे तांबूस भुकटी असते. सूत्रकृमीत जमीन ओली असूनही झाड कोमेजतं, वाढ खुंटते, आणि अशी झाडं बागेत ठिकठिकाणी घोळक्याने दिसतात. ड्रिपरखालची बारीक मुळी हलक्या हाताने काढा, बादलीत धुवा आणि जाडसर गाठ ब्लेडने उभी चिरा. भिंगातून आत टाचणीच्या टोकाएवढा पांढुरका, चकचकीत ठिपका दिसेल. ती मादी. गाठीच्या बाहेर चिकट तपकिरी बुळबुळीत थेंब असेल तर तो अंड्यांचा पुंजका. एकेका पुंजक्यात 300 ते 500 अंडी असू शकतात. उबदार जमिनीत अंड्यापासून पुढची मादी तयार व्हायला साधारण महिना लागतो, म्हणून एका हंगामात हे प्रकरण एवढं वाढतं.

डाळिंबालाही हाच सूत्रकृमी लागतो. त्यामुळे तो जुन्या मुळांतून तुमच्या रानात आधीपासून असण्याची शक्यता मला जास्त वाटते. दुसरी वाट म्हणजे रोपवाटिकेतल्या पिशवीची माती. हा किडा स्वतःहून वर्षाकाठी फार तर मीटरभर सरकतो. त्याला लांब नेतो तो आपणच, पाटाच्या पाण्याने, कुदळीने, ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटलेल्या चिखलाने. म्हणून आजपासूनच खुरपणी, झाडाभोवती आळं करणं, सगळं चांगल्या झाडांकडून सुरू करा आणि आजारी झाडांना शेवटी हात लावा. अवजारं धुऊनच ठेवा. एवढं एक जरी पाळलं तरी अर्धी बाग वाचते, असं मी खात्रीने म्हणतो.

जी झाडं लागलेली आहेत त्यांच्यात आपण किडा संपवत नाही, नवी पांढरी मुळी जपतो. छाटणी करून बहार धरताना (फळांचा हंगाम घेताना) ती मुळी फुटते, तेव्हाच काम करायचं. झाडाला दीड-दोन किलो निंबोळी पेंड, सोबत चांगलं कुजलेलं शेणखत. त्या शेणखतात ट्रायकोडर्मा आणि पॅसिलोमायसिस लिलॅसिनस या उपयोगी बुरशी मिसळून, सावलीत ओलसर ठेवून, वर गोणपाट टाकून पंधरा दिवस मुरवा, मग ड्रिपरखाली ओल्या मातीत मिसळा. पॅसिलोमायसिस ही बुरशी अंड्यांवरच वाढते, त्यामुळे मला ती सगळ्यात मोलाची वाटते. त्याच सुमारास आळ्यात तांबायुक्त बुरशीनाशक ओतलं तर ही मेहनत वाया जाते.

झाडांच्या ओळीत ड्रिपजवळ झेंडू लावा. बांधावर लावलेल्या झेंडूचा उपयोग नाही, त्याची मुळं अंजिराच्या मुळांत गेली पाहिजेत. दोन ओळींत ताग घेऊन गाडला तरी चांगलं. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी मात्र आंतरपीक म्हणून अजिबात नको. सूत्रकृमीला ती मेजवानीच.

रासायनिक औषधाबद्दल: फोरेट या जुन्या कीटकनाशकावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, कोणाकडे जुना साठा असला तरी फळबागेत टाकू नका. फ्लुओपायरामसारखी नवी औषधं आहेत, पण लेबलवर अंजीर आहे का ते आधी वाचा. हे फळ आपण सालीसकट खातो.

खूपच खंगलेली दोन-चार झाडं असतील तर ती मुळांसकट काढून जाळा. खड्डा उन्हाळ्यात उघडा ठेवा, एप्रिल-मे मध्ये एकदा भिजवून वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून पाच-सहा आठवडे तापू द्या, आणि नवं रोप घेताना पिशवी फाडून मुळं बघूनच पैसे द्या. उंबराची मुळं या किड्याला सहसा दाद देत नाहीत, म्हणून उंबराच्या खुंटावर अंजिराचं कलम हा चांगला मार्ग आहे, पण आमच्या भागात अशी कलमं मी अजून पाहिलेली नाहीत.

खर्च करण्याआधी नमुना तपासून घ्या. आजारी झाडाखालून वीतभर खोलीची पाव किलो ओली माती आणि थोडी मुळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, उन्हात ठेवू नका, सुकू देऊ नका. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम चालतं; नमुना कुठे द्यायचा ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. निरोगी दिसणाऱ्या झाडाखालचा नमुनाही वेगळ्या पिशवीत द्या, म्हणजे रोग कुठवर पोचलाय ते कळेल.