मृगाआधी कोणतं काम?

प्रश्न : लग्नानंतर वीस वर्षं मुंबईत काढून आता सासूबाईंसाठी कुडाळजवळच्या गावी राहायला आले आहे. मे संपत आला. कौलं गळतात, परड्यातला दगडी कुंपणाचा गडगा ढासळलाय, लाकडं फोडायची आहेत, खळ्यातला मांडवही उतरवायचा आहे. गडी दोनच मिळतात, तेही दोन दिवस. आधी काय करू?

उत्तर : ताई, पाऊस लागल्यावर जे करताच येणार नाही, ते आधी. गडगा सोडून द्या. दगड कुठे जात नाहीत, उघडीप मिळाली की रचता येतो. कलमं लावायची असतील तर त्यांचे खड्डेही आता मारू नका. या दिवसांत जांभ्याची लाल खडकाळ जमीन पहारीला दाद देत नाही, दोन सरी पडल्या की निम्म्या कष्टात खड्डा होतो.

दोन्ही दिवस गड्यांना कौलांवर चढवा. त्याआधी एक काम तुमचं. भर दुपारी घरातले दिवे बंद करून माळ्यावर जा. जिथून उन्हाची तिरीप आत येते, तिथे खालच्या वाशावर खडूने खूण करा. नाहीतर गडी सगळं छप्पर चाळत बसतात आणि नेमकं फुटकं कौल तसंच राहतं. काम सकाळी लवकर सुरू करा, अकरानंतर कौलावर पाय ठरत नाही. कौलाच्या मध्यावर पाय द्यायचा नाही, खाली रीप, म्हणजे कौलं टेकतात ती लाकडी पट्टी, असेल तिथेच. बदली कौलं घेताना जुन्यातलं एक सोबत न्या. मंगलोरी कौलं सगळी सारखी दिसतात, पण कारखान्याप्रमाणे मापात फरक असतो आणि खाच बसली नाही की पाणी आत आलंच. रीप ठोकून बघा. पोकळ वाजली तर वाळवी आहे, ती बदलाच. फटीत सिमेंट भरायला सांगतील, भरू देऊ नका. ते तडकतं आणि पुढच्या वर्षी कौल काढताना शेजारची दोन फुटतात. छपरावर आलेल्या फांद्या मात्र अगोदर तोडून घ्या.

लाकडांचं म्हणाल तर ओंडके आता फोडून जळणाच्या कामाचे व्हायचे नाहीत, त्यांना थंडीपासूनचं ऊन लागतं. यंदा फोडलेली लाकडं विकत घ्या. पडवीत दगडांवर आडव्या काठ्या टाकून त्यांवर रचा, जमिनीला टेकू देऊ नका. माडाची सुकी चुडतं, नारळाची सोडणं, करवंट्या तुम्ही आणि सासूबाई रोज थोड्या थोड्या गोळा करा. आषाढात चूल पेटवताना त्यांची किंमत कळते. अंधारात या ढिगात हात घालू नका, विंचू असतो.

मांडव शेजारच्या मुलांना हाताशी घेऊन एका संध्याकाळी उतरेल. त्याचे वासे आणि विणलेल्या झावळ्यांची झापं टाकू नका, पश्चिमेच्या पडवीला झडीसाठी बांधा. तिरका पाऊस तिथूनच घरात शिरतो.

आणि गड्यांना आजच निरोप द्या. रोहिणी लागल्या आहेत, आता प्रत्येक घरी कौलांचंच काम निघतं.