बोगद्यात असताना जमीन हलली तर?

प्रश्न : चाळीसगावहून कन्नड घाट चढून आमचं नेहमी जाणं-येणं असतं. 2021 च्या ऑगस्टअखेर दरडी कोसळून घाट बंद पडला, तेव्हापासून जो-तो म्हणतो, इथे बोगदाच हवा. पण 14 मार्च 1938 च्या सातपुड्यातल्या भूकंपात घरातली उतरंड कोसळल्याचं आजी सांगायची. डोंगराच्या पोटात असताना धरणी हलली तर माणूस गाडलाच जाणार ना?
— एक शिक्षिका, चाळीसगाव

उत्तर : ताई, मी अमळनेरचा. तेहतीस वर्षं बोगद्यांच्या कामावर काढली. खानदेशाचा बराच भाग भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात धरला जात आला आहे, तेव्हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. पण डोंगराच्या पोटाची भीती बाळगू नका. धक्क्यात जमिनीवरचं घर झोके घेतं, कारण त्याचं वरचं टोक मोकळं असतं. बोगद्याला चारही बाजूंनी खडकाने धरलेलं असतं. खडक हलेल तसा तोही हलतो. फार तर गोलाचा किंचित लंबगोल होतो, आणि आतून दिलेलं चांगलं काँक्रीटचं अस्तर तेवढं सहसा सोसतं.

काळजी करायची ती बोगद्याच्या तोंडाची. घाटात काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो. आम्ही त्याला रेड बोल म्हणतो. पाणी लागलं की तो मऊ पडतो आणि वरचा दगड सुटतो. तोंडाशी मुरूम आणि भेगाळ दगड, त्यामुळे पकड कमी. तैवानमध्ये 1999 च्या भूकंपानंतर 57 बोगदे तपासले, त्यातल्या 49 ना कमी-जास्त इजा झाली होती. तोंडाजवळ आणि उताराला लागून असलेल्या भागांत ती बरीच होती. भ्रंशरेषाच, म्हणजे जिच्यावर खडक सरकतात ती जमिनीतली भेगच, बोगद्याला आडवी जात असेल आणि तीच सरकली, तर मात्र अस्तराची जाडी कामी येत नाही.

दुसरी जागा माथ्याची, आणि तिच्याबद्दल मला पोटतिडकीने सांगायचंय. काँक्रीट ओतल्यावर खाली बसतं, माथ्यावर खडक आणि अस्तर यांच्यात पोकळी राहते. ती ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने दाबून भरायची असते. एका कामावर रजिस्टरमध्ये ‘ग्राउटिंग पूर्ण’ अशी सही होती. रात्रपाळीला मी मचाणावर चढून हातोडीने ठोकत गेलो. बाजारात माठ वाजवून घेतो ना, अगदी तसं. खणखण, खणखण, आणि मग एकदम बद्द. भोक पाडून सळई घातली तर माझा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी पोकळ जागा! वर डोंगर, खाली अस्तर, मध्ये हवा. तिथे खडक अस्तराला धरूनच नाही. हादऱ्याने वरचा दगड सुटला तर तो थेट त्यावर आदळणार. ती पट्टी पुन्हा भरून घेतल्याशिवाय मी पुढे सही केली नाही. त्यावरून झालेलं भांडण आजही आठवतं.

जपानमध्ये 2004 साली निगाताच्या भूकंपात शिंकान्सेन या बुलेट ट्रेनच्या उओनुमा बोगद्यात माथ्याच्या अस्तराचे तुकडे खाली आले. त्या काँक्रीटमध्ये सळया नव्हत्या. आणि 1995 ला कोबेत दाइकाई हे भुयारी स्टेशन कोसळलं, ते खोल नव्हतंच. वरून खणून पेटीसारखं बांधलेलं. मधल्या खांबांना आडव्या रिंगा फार कमी होत्या. खांब चिरडले आणि वरचा रस्ता सुमारे अडीच मीटर खचला. आपल्याकडे घराच्या कॉलमला रिंग लांब-लांब बांधून मिस्त्री सळई वाचवतो, तोच दोष!

तेव्हा गावच्या बैठकीत बोगद्याचा विषय निघाला तर ‘भिंत किती जाड’ एवढंच विचारू नका. माथ्यामागे ग्राउट किती पोती गेलं, ते ठोकून कोणी तपासलं, तोंडावरचा उतार कसा बांधणार, हे विचारा. कागद मागा.

आणि आत असताना हादरा जाणवलाच, तर करकचून ब्रेक मारू नका. वेग कमी करा, पुढचं तोंड दिसत असेल तर सावकाश बाहेर पडा, आणि गाडी तिथेच दरडीखाली उभी करू नका. थोडं पुढे, मोकळ्या जागेत न्या.