वाचकांचे प्रश्न : लोंबत्या वायरी आणि टेबलाखालचा गुंता

या वेळच्या पत्रांत वायरींचीच तक्रार जास्त आहे, म्हणून सदर पूर्ण त्यांनाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

वाकडला नवीन फ्लॅट घेतला. ४३ इंची टीव्ही भिंतीवर लावलाय, पण खाली चार वायरी लोंबतात. एक वायरमन म्हणतो, ‘ग्राइंडरने खाच मारून अर्ध्या दिवसात आत घालून देतो.’ दुसरा म्हणतो, ‘भिंत मिवानची आहे, हात लावू नका.’ कुणाचं ऐकायचं?

दुसऱ्याचं. ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या अशा इमारतींत आतल्या भिंतीही बहुतेक काँक्रीटच्याच असतात आणि इमारतीचा भार त्याच पेलतात. लोखंडी जाळी पृष्ठभागापासून जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर आत असते. पाइप बसेल एवढी खाच मारली की ती जाळी उघडी पडते नाहीतर कापली जाते. वरून पुट्टी कितीही सफाईने फिरवली तरी कापलेलं लोखंड काही जोडलं जात नाही. बिल्डरने वायरिंगचे पाइप काँक्रीट ओतण्याआधीच घातलेले असतात, ते याच कारणाने.

तुमच्यासाठी बाहेरून केसिंग पट्टी हाच मार्ग. ती पीव्हीसीची असते, साधारण २ मीटर लांबीत मिळते; खालचा भाग भिंतीला स्क्रूने बसतो आणि टोपण वरून खटकन लागतं. पट्ट्या दोन घ्या : एक टीव्हीच्या पॉवर कॉर्डसाठी, दुसरी एचडीएमआय, डिशची केबल आणि लॅनसाठी (इंटरनेटची केबल). एकाच पट्टीत सगळं कोंबल्यावर २३० व्होल्टची वायर सिग्नलच्या पातळ आवरणाला घासत राहते. एक आवरण फाटलं की वीज थेट सेटटॉप बॉक्सच्या पत्र्यावर. सिग्नलच्या तीन केबलींना २५ मिलिमीटरची पट्टी पुरते. ती अर्ध्याहून जास्त भरू नका, नाहीतर टोपण उन्हाळ्यात उचकटतं.

आधी ओळंबा सोडून पेन्सिलीने रेघ मारा. पट्टी टीव्हीच्या मधोमध उतरवण्यापेक्षा युनिटच्या कडेच्या रेषेत उतरवली तर डोळा तिच्याकडे जात नाही. दर ४०-४५ सेंटीमीटरवर एक भोक : हॅमर ड्रिल, ६ मिलिमीटरचं बिट, त्याच मापाची प्लास्टिकची गिट्टी. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच उंचीवर आडवं भोक पाडू नका. आतले पाइप बहुधा याच रेषांत धावतात. बिट सळईला लागून अडलं तर जोर लावू नका, दोन सेंटीमीटर सरका. बसवण्याआधी पट्टीवर २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा, प्रायमरचा एक हात द्या आणि भिंतीचाच रंग लावा. गुळगुळीत पीव्हीसीवर थेट लावलेला रंग महिन्याभरात सोलून निघतो.

टीव्हीचा स्टँड पुढे ओढता येणारा असेल, तर केबलची लांबी टीव्ही पूर्ण ओढून मोजा. भिंतीला चिकटलेल्या टीव्हीवर मोजली की पहिल्याच दिवशी एचडीएमआयचं सॉकेट वाकतं, आणि ते बदलायचं म्हणजे बोर्डाचं काम निघतं.

ज्यांच्या भिंती विटांच्या आहेत आणि रंगकाम अजून व्हायचंय, त्यांनी खाच जरूर मारावी, पण पाइप ५० मिलिमीटरचा घालावा. एचडीएमआयचं टोकच सुमारे २० मिलिमीटर रुंद असतं, ते नेहमीच्या २५ मिलिमीटरच्या पाइपात दुसरी केबल असेल तर अडकून बसतं. काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा बेंड हवा. आत नायलॉनची दोरी ओढून दोन्ही टोकांना बांधून ठेवा, पुढची केबल तिच्याच मागून येईल. टीव्हीची पॉवर कॉर्ड मात्र या पाइपात घालू नका. ती लवचीक कॉर्ड भिंतीत गाडण्यासाठी बनवलेली नसते. टीव्हीमागेच ६ अँपिअरचं सॉकेट बसवून घ्या आणि त्याचा स्विच खाली, हाताला येईल असा ठेवा. एचडीएमआय ५ मीटरच्या आत ठेवा. साध्या केबलवर त्यापुढे फोर-के चित्र मधूनच काळं पडू लागतं.

कोथरूडमध्ये घरूनच काम. टेबलाखाली एक्स्टेन्शन बोर्ड, लॅपटॉप, दोन मॉनिटर, प्रिंटर, राउटर, फोनचे चार्जर. केर काढताना झाडू रोज अडकतो. सगळं एका झाकणाच्या डब्यात ठेवलं तर चालेल का?

वायरी डब्यात चालतील, अडॅप्टर नाही. चार-पाच अडॅप्टर बंद डब्यात एकमेकांना चिकटून बसले की उष्णता बाहेर पडत नाही, आणि एप्रिल-मे मधल्या खोलीत आधीच ३५ अंश असताना ते अधिकच तापतात. बाजारातले जे डबे दोन्ही कडांना उघडे आणि तळाला जाळीचे असतात तेवढेच घ्या.

डब्यापेक्षा टेबलाच्या पोटाला जाळीचा ट्रे लावणं बरं. टेबल १८ मिलिमीटर प्लायचं असेल तर स्क्रू १५ मिलिमीटरपेक्षा लांब नको. ही चूक इतक्यांदा होते की वेगळी सांगतो : २० चा स्क्रू सनमायकातून वर डोकावतो आणि मग त्यावर आयुष्यभर माउसपॅड ठेवावा लागतो. एक्स्टेन्शन बोर्ड ट्रेमध्ये किंवा पाठीला स्क्रूने पक्का करा, सॉकेटची तोंडं बाजूला. फरशीवर तो नकोच. पोछ्याचं पाणी थेट त्याच्या भोकांत जातं. जाड अडॅप्टर शेजारचं सॉकेट झाकत असेल तर तो टोकाच्या सॉकेटवर लावा.

आता बांधणी. आधी सगळं काढा, बोर्ड रिकामा करा आणि एकेक उपकरण लावत परत जोडा. जे लावायला कुणी मागितलं नाही ते बाहेर. यातच दोन-तीन चार्जर गळतात. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना चिठ्ठी हवी : कागदी चिकटपट्टी आणि काळा मार्कर पुरे, ‘मॉनि. डावा’, ‘प्रिंटर’. अडॅप्टरवरही लिहा, ते वायरीपेक्षा लवकर अनाथ होतात. जास्तीची लांबी हाताच्या पंजाएवढ्या सैल आठच्या आकड्यात घालून वेलक्रोच्या पट्टीने बांधा. प्लास्टिकच्या झिप टायने बांधलेली जुडी प्रत्येक बदलाला कात्रीने कापावी लागते आणि तिसऱ्या वेळी कात्री वायरीलाच लागते. एक्स्टेन्शनची स्वतःची वायर मात्र गुंडाळून त्यावर भार चालवू नका. भेंडोळ्यात उष्णता कोंडते आणि आवरण मऊ पडतं.

टेबलापासून भिंतीपर्यंत एकच वायर जायला हवी. ती पायाला आतल्या बाजूने क्लिपांनी खाली आणा. टेबलात भोक पाडायचं असेल तर नेहमीचं माप ६० मिलिमीटर, तेवढ्याच मापाची प्लास्टिकची रिंग मिळते. भोक पाडण्याआधी खाली ड्रॉवरची पट्टी नाही ना ते पाहा.

भाराचा हिशेब सोपा आहे. ६ अँपिअरच्या बोर्डावर सगळं मिळून १३८० वॅट (६ गुणिले २३०) ही वरची मर्यादा. लॅपटॉप ६५, दोन मॉनिटर मिळून साधारण ६०, राउटर १०-१२. घरचं सगळं टेबल २०० वॅटच्या आसपास राहतं. लेझर प्रिंटर छपाईआधी तापताना काही क्षण खूप जास्त वीज ओढतो, तो थेट भिंतीच्या सॉकेटवर ठेवा. इस्त्री, पाणी तापवायची किटली आणि हीटर या बोर्डावर कधीच नाही. एक्स्टेन्शनला दुसरं एक्स्टेन्शनही नाही. भार वाढतो, जोड वाढतात, आणि सैल जोड आधी तापतो.

औंधला भाड्याच्या घरात आहोत, ड्रिलला घरमालकांची परवानगी नाही. चिकटवायच्या क्लिपा पावसाळ्यात पटापट गळून पडतात. दुसरा चिकटपणा कोणता वापरायचा?

दोष गोंदाचा नाही, रंगाचा आहे. डिस्टेंपरवर क्लिप रंगाच्या वरच्या थराला चिकटते आणि तो थर भिंतीला नीट चिकटलेला नसतो. क्लिप पडते तेव्हा मागे रंगाचा पापुद्रा दिसेल. पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते, तिथे तर काहीच टिकत नाही. क्लिपा भिंतीला न लावता टेबलाच्या सनमायकाला, दाराच्या चौकटीला, शोकेसच्या पाठीला किंवा टाइलला लावा. जागा स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, अर्धा मिनिट दाबून धरा आणि वायर दुसऱ्या दिवशी अडकवा. भिंतीवर आधीच लावलेल्या क्लिपा घर सोडताना हेअर ड्रायरने गरम करून भिंतीच्या समांतर ओढा. सरळ पुढे ओढलं की रंग येतोच, आणि डिपॉझिटमधून तो वजा होतो.

सदाशिव पेठेत जुना वाडा. चुन्याचा गिलावा, खिळा मारला की भुसभुशीत माती पडते. फायबरचं इंटरनेट घेतलं, पण ती बारीक वायर कुठून न्यावी कळत नाही. मध्येच इंटरनेटच्या पेटीवर लाल दिवाही लागतो.

भिंत सोडा, लाकूड धरा : तुळया, चौकटी, जिन्याची कड. त्यांवर खिळ्याच्या क्लिपा छान बसतात, पण वायर क्लिपेत सैल फिरायला हवी. हातोडीचा शेवटचा ठोका फायबरला चेपतो, आत काच आहे. वळण ३ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट नको, म्हणजे चहाच्या बशीच्या कडेएवढा बाक दिला की निश्चिंत. दिवा लाल होत असेल तर आधी चौकटीच्या कोपऱ्यांवर वायर काटकोनात दुमडली आहे का आणि दारात चेपते का ते बघा, मगच कंपनीला फोन करा. तुटलं तर तांब्याच्या तारेसारखं पीळ घालून जोडता येत नाही, यंत्राने सांधावं लागतं. म्हणून पेटीजवळ हातभर जास्तीची वायर मोठ्या वेटोळ्यात ठेवायला सांगा.

राउटर दिसायला वाईट, म्हणून कपाटात ठेवला तर?

लाकडी, उघड्या कप्प्यात ठीक. लोखंडी कपाटात किंवा टीव्हीच्या पाठीमागे नको, पत्रा वाय-फाय अडवतो. दार बंद राहत असेल तर तो तापून मध्येच बंदही पडतो.

एक ड्रॉवर जुन्या केबल आणि अडॅप्टरांनी भरलाय. काय ठेवावं, काय काढावं?

अडॅप्टरवरचं ‘आउटपुट’ वाचा. व्होल्ट उपकरणावरच्या आकड्याइतकेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त चालतात. गोल पिन असेल तर धन-ऋण खूणही जुळली पाहिजे. १२ व्होल्टचा अडॅप्टर ९ व्होल्टच्या राउटरला लावला की राउटर जळू शकतो, पिन सारखीच बसली तरी. टाइप-सी केबल दिसायला एकसारख्या, कामाला नाहीत : काहींतून फक्त चार्जिंग होतं, डेटा जात नाही. ६० वॅटच्या वर चार्ज होणाऱ्या लॅपटॉपला टोकात खुणेची चिप असलेली, १०० किंवा २४० वॅट छापलेली केबलच लागते. प्रत्येक प्रकारची एक ठेवा, प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत, बाहेर लेबल.

बाकीचं कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. पीव्हीसी जाळून तांबं काढलं जातं, तेव्हा विषारी धूर होतो. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ई-कचरा नोंदणीकृत रिसायकलरकडे जावा, हा त्यांचा हेतू. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचराही घेते, तुमच्या गल्लीत येणाऱ्या सभासदाला विचारून बघा. नवं घ्यायचं असेल तर केबल, वेलक्रो आणि पट्ट्यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, स्क्रू-गिट्टीसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. जाताना मोजमापाचा कागद न्या.

गणपतीत मखर हॉलच्या मधल्या भिंतीला, सॉकेट समोरच्या कोपऱ्यात. माळांची वायर सतरंजीखालून नेली तर कुणाला दिसत नाही. बरोबर आहे ना?

नाही. दर्शनाला येणाऱ्या पन्नास जणांचे पाय पडतात, आतल्या बारीक तारा एकेक तुटत जातात, उरलेल्या तापतात, आणि वर सतरंजी असल्यामुळे काळा डाग पडेपर्यंत कळत नाही. वायर भिंतीच्या कडेने, स्कर्टिंगला कागदी टेपने चिकटवून न्या, अंतर दुप्पट झालं तरी. उंबऱ्यावरून ओलांडायचीच असेल तर जमिनीवर बसणारी अर्धगोल रबरी पट्टी वापरा. त्यासाठी थ्री-कोअर (आत तीन तारा असलेली) वायर सरळ योग्य लांबीची घ्या. दोन छोट्या जोडून काळी टेप गुंडाळू नका. समई आणि आरतीचं तबक जिथे ठेवता तिथून माळांची वायर हातभर लांब. अडॅप्टर मखराच्या मागे कापडात किंवा पुठ्ठ्यात दबू देऊ नका, बाजूला उघडे ठेवा. आणि माळांचा स्विच मूर्तीच्या मागे न जाता हाताला लागेल, अशी सोय मखर उभं करण्याआधीच करून घ्या. नंतर दहा दिवस तिथे हात घालायला कुणी तयार होत नाही.