अमेरिकेत बाबांची नोकरी गेली, पण कॉलेजने मदत जुन्या पगारावर ठरवली. आता काय करता येईल?

अपील करा, आणि लगेच करा. गोची अशी आहे की फाफ्सा, म्हणजे कॉलेजच्या आर्थिक मदतीसाठीचा सरकारी अर्ज, दोन वर्षं जुनं उत्पन्न धरतो. २०२६-२७ साठी २०२४चा टॅक्स रिटर्न. त्यात बाबांचा पूर्ण पगार दिसतो, ले-ऑफ दिसत नाही. म्हणून फाफ्सामधला आकडा स्वतः बदलायला जाऊ नका. तो त्या वर्षापुरता बरोबरच आहे.

कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करून 'प्रोफेशनल जजमेंट'ची, म्हणजे बदललेली परिस्थिती पाहून मदत नव्याने ठरवण्याची, मागणी करा. कायद्याने हा अधिकार त्यांनाच आहे. त्यांनी नाही म्हटलं तर शिक्षण खात्याकडे वर दाद मागता येत नाही, त्यामुळे पहिलाच अर्ज नीट हवा. बहुतेक कॉलेजांचा यासाठी वेगळा फॉर्म असतो.

पत्र एका पानाचं पुरे. नोकरी कधी गेली, तेव्हा पगार किती होता, या वर्षी घरात किती येईल, एवढंच. आपल्याकडे घरची अडचण चारचौघांत सांगायला संकोच वाटतो, पण इथे मोघम लिहिलं तर काही हाती लागत नाही. सोबत टर्मिनेशन लेटर, शेवटची पे-स्लिप आणि बेकारी भत्ता मिळत असेल तर त्याचा कागद जोडा. सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनीने दिलेला पैसा) मिळाला असेल तर लपवू नका, ते विचारतातच. विम्याबाहेरचा मोठा दवाखान्याचा खर्च, घटस्फोट, पालकाचा मृत्यू हीही कारणं चालतात. क्रेडिट कार्डाचं कर्ज सहसा नाही.

आणि दुसऱ्या कॉलेजची जास्त मदतीची ऑफर असेल, तर ती याच पत्रात घुसडू नका. तो विषय वेगळा.