निवृत्त रणगाडा आणून आपल्या भागात हुतात्मा स्मारक उभारता येईल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: बडोद्यातील आपल्या वसाहतीचे मराठी मंडळ आणि परिसरातील काही माजी सैनिक यांना सैन्यातून बाद झालेला एखादा रणगाडा मिळवून तो चौकात चौथऱ्यावर ठेवायचा आहे, त्यालाच आपल्या भागातील हुतात्म्यांचे स्मारक करायचे आहे, आणि असा रणगाडा कोठून व कसा मिळतो हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी सैन्याच्या ई.एम.ई. कोरमध्ये, म्हणजे सैन्याची यंत्रे सांभाळणाऱ्या अभियंत्यांच्या दलात, चिलखती वाहनांच्या दुरुस्तीचे काम केले, निवृत्तीनंतर बडोद्यातच राहिलो आणि अशा काही वाहनांची देखभाल जवळून पाहिली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की रणगाडा मिळतो. मात्र बहुतेक मंडळे सुरुवात रणगाड्यापासून करतात आणि स्मरण कोणाचे करायचे हे शेवटी ठरवतात. आपण हा क्रम उलटा करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिले काम नावांचे आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आपल्या भागातील हुतात्म्यांची माहिती मिळवावी, कुटुंबीयांना प्रत्यक्ष भेटावे, आणि प्रत्येकाचा हुद्दा, पलटण, वीरमरणाची तारीख व ठिकाण कागदपत्रांवरून पडताळून घ्यावे. ही यादी हातात आली की कोणते वाहन मागायचे याचे उत्तर पुष्कळदा तिच्यातच सापडते. आपल्या यादीतील जवान पायदळातले असतील, सिग्नल्समधले, म्हणजे संदेशवहनातले, असतील, रसद पोहोचवणारे चालक असतील, तर त्यांच्या नावाने रणगाडाच का उभा करायचा? १९६५ च्या युद्धात असल उत्तरच्या लढाईत ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले, ते जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. पायदळातील जवानाच्या स्मारकासाठी अशी एक जीप पंचेचाळीस टनांच्या पॅटनपेक्षा कितीतरी अधिक बोलकी ठरेल, आणि तिचे वजन दोन टनांच्या आत असल्याने पुढचा निम्मा त्रासही वाचेल. जुना वन-टन ट्रक, मैदानी तोफ, रुग्णवाहिका यांनाही कोणी मागणी करत नाही, हे मला मनापासून खटकते.

वाहन आणि माणूस यांचे नाते जेथे खरे असते तेथे काय होते, हे पाहायचे असेल तर अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जाऊन यावे. तेथील रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे, आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाडा पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियन जातीच्या रणगाड्यातून लढले, तो ‘फॅमागुस्ता’ नावाचा रणगाडा नगरलाच जतन केलेला आहे. खेत्रपाल तेव्हा एकवीस वर्षांचे होते. सेंच्युरियनमध्ये चार जणांचा चमू असतो, आणि त्या दिवशी त्यांच्या रणगाड्यातील रेडिओ ऑपरेटर नंद सिंह हेही कामी आले. वाहनाशेजारच्या फलकावर अधिकाऱ्याबरोबर चालक, गोलंदाज आणि रेडिओ ऑपरेटर यांनाही जागा मिळाली पाहिजे, असे मला वाटते. आपल्या गुजरातच्या किनाऱ्यालगत दीवलाही असाच विचार दिसतो. ९ डिसेंबर १९७१ रोजी नौदलाची युद्धनौका आय.एन.एस. खुकरी पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. त्याच नावाची पुढची खुकरी २०२१ मध्ये निवृत्त झाल्यावर ती दीवच्याच प्रशासनाकडे स्मारकासाठी सोपवण्यात आली.

बडोद्यालाही आपले असे धागे आहेत. दुसऱ्या महायुद्धात संस्थानाच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या स्पिटफायर लढाऊ विमानांच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘बडोदा’ हे नाव मिळाले होते, आणि फत्तेगंजच्या ई.एम.ई. स्कूलच्या आवारात १९६६ साली सैनिकांनी उभारलेले ॲल्युमिनियमच्या घुमटाचे दक्षिणामूर्ती मंदिर तर आपण सर्वांनी पाहिलेले आहे. आपल्या शहरात सैन्याची यंत्रे समजणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांना समितीत आदराने बोलावून घ्यावे.

आता मागणीविषयी. सैन्यातून बाद झालेले रणगाडे बहुधा पुण्याजवळील खडकीच्या मध्यवर्ती चिलखती वाहन आगारातून दिले जातात, आणि त्यासाठीची परवानगी दिल्लीच्या सैन्य मुख्यालयातून येते. मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज पाठवून वाट पाहत बसण्यापेक्षा ज्या संस्थेच्या जागेची मालकी निर्विवाद आहे आणि जी पन्नास वर्षांनीही अस्तित्वात असेल, अशा शाळेच्या, महाविद्यालयाच्या, विद्यापीठाच्या किंवा महापालिकेच्या नावाने अर्ज करावा आणि मंडळाने पाठबळ द्यावे. अर्जासोबत हुतात्म्यांची यादी, जागेचा नकाशा, चौथऱ्याचे आरेखन आणि देखभालीची लेखी हमी जोडावी. वाहतूक, क्रेन आणि चौथरा यांचा खर्च आपल्यावरच येणार असे धरून चालावे.

चौकाचा आग्रह मात्र सोडावा. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या इतर जागांवर पुतळे बसवण्यास किंवा बांधकाम करण्यास परवानगी देऊ नये असे राज्यांना बजावले आहे, आणि ते प्रकरण मुळात गुजरातमधूनच तेथे गेलेले होते. कायदा बाजूला ठेवला तरी वाहतुकीच्या गराड्यातल्या स्मारकापाशी थांबून नावे वाचायला कोणाला सवड मिळणार? शाळेचे किंवा महाविद्यालयाचे आवार मला सर्वांत योग्य वाटते. जागा निवडताना ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचे पाणी आपल्या भागात कोठवर आले होते ते पाहून चौथऱ्याची उंची त्याच्यावर धरावी. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरवरच्या पायावर घातलेला चौथरा वाहनाच्या वजनाने तिरपा होतो. बाद झालेल्या रणगाड्यांपैकी टी-५५ जातीच्या रणगाड्याचे वजन सुमारे ३६ टन आणि विजयंता जातीच्या रणगाड्याचे ३९ टनांच्या आसपास आहे. हे सगळे वजन दोन अरुंद पट्ट्यांवर येते, म्हणून त्या पट्ट्यांखालचे काँक्रीट स्थापत्य अभियंत्याकडून हिशेब करून घेऊनच ओतावे. टी-५५ ची रुंदी सव्वातीन मीटरच्या वर असल्याने खडकीपासून बडोद्यापर्यंतच्या पाचशेहून अधिक किलोमीटरच्या प्रवासाला खालच्या पाट्याचा ट्रेलर आणि जादा रुंदीच्या मालाचा परवाना लागतो. आपल्या गल्लीतील विजेच्या तारा आणि गटारांची झाकणे आधीच तपासून घ्यावीत.

वाहन ताब्यात घेताना काही गोष्टी लेखी मागाव्यात. आत दारूगोळा शिल्लक नाही, तोफेची मागची कळ काढून ती कायमची निकामी केली आहे, इंधन, तेल आणि बॅटऱ्या काढल्या आहेत, असे प्रमाणपत्र असल्याशिवाय पावतीवर सही करू नये. जुन्या वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि अंधारात दिसणाऱ्या जुन्या तबकड्यांच्या रंगात रेडियम असू शकते. हे भाग उत्साहाच्या भरात हौशी हातांनी उघडू नयेत.

यापुढचा मुद्दा मी थोडा विस्ताराने मांडतो, कारण माझ्या पाहण्यात स्मारकाची वाहने पाण्यामुळेच नासतात. लोकांना वाटते की इतके जाड पोलाद आहे, त्याला पावसाचे काय? पोलादाच्या जाडीला खरोखरच काही होत नाही, पण पाणी टरेटच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजाच्या, कड्यातून, इंजिनावरच्या जाळ्यांतून आणि सुकलेल्या रबरी पट्टीमुळे नीट न बसणाऱ्या झाकणांतून आत जाते आणि तळाशी साठते. एका ठिकाणी, पावसाळा संपून दोन महिने झाल्यानंतर, मी रणगाड्याच्या पोटाखाली पडून निचऱ्याचे बूच सैल केले, तेव्हा काळपट, कुजक्या पानांचा वास येणारे पाणी बराच वेळ वाहत राहिले. इंजिनाच्या जाळीत पिंपळाचे रोप हातभर वाढले होते आणि त्याची मुळे तारांच्या जुडग्यात शिरली होती. बाजूच्या पत्र्यावरचा पोपडा नखाने काढला तर वरचा चकचकीत हिरवा ऑइलपेंट, त्याखाली आणखी एक तसाच थर, त्याखाली सैन्याचा मूळ रंग आणि त्याच्याही खाली तांबूस गंज, असे थर दिसत होते. दर राष्ट्रीय सणाच्या आधी गंजावरच नवा रंग फासला गेला होता आणि तो रंगच ओल आत कोंडून धरत होता.

यावर उपाय अवघड नाहीत. तळाची सर्व बुचे कायमची काढून तेथे बारीक जाळी बसवावी, म्हणजे पाणी निघून जाईल आणि उंदीर शिरणार नाहीत. तोफेचे तोंड बंद करावे, कारण नळी वर उचललेली असली की ती पावसाचे पाणी थेट आत नेते. रणगाड्याला दिमाखासाठी चढावर चढवू नये. तो सपाट ठेवावा, किंवा निचऱ्याकडे किंचित कलता असावा. सांगाड्याखाली पोलादी आधार द्यावेत, नाहीतर काही वर्षांनी वजन झेलणारे टॉर्शन बार थकतात, चाकांवरचे रबर चिरते आणि संपूर्ण वाहन एका बाजूला बसते. रंग देण्यापूर्वी गंज पूर्ण खरवडून इपॉक्सी प्रायमर लावावा आणि वर सैन्याचा मंद, चमक नसलेला हिरवा द्यावा. झाकणे मुले आत जाऊ नयेत म्हणून वेल्डिंगने बंद करावीत, परंतु एक झाकण तपासणीसाठी कुलूप लावून ठेवावे. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात पोलाद इतके तापते की लहान मुलाचा हात पोळतो, तेव्हा भोवती नुसत्या साखळीपेक्षा कंबरेइतक्या मेंदीचे कुंपण बरे.

विमानाचा विचार कोणी सुचवला, तर जरा थांबावे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून मिग-२१ निवृत्त झाल्यापासून अनेकांना ते हवेसे वाटू लागले आहे, आणि त्यामागची भावना मी समजू शकतो. पण खांबावर उभे केलेले विमान सांभाळणे रणगाड्यापेक्षा कठीण असते. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि पोलादी बोल्ट जेथे टेकतात तेथे ओलीने पत्रा पोखरला जातो, कॉकपिटचे पारदर्शक आवरण उन्हाने दुधाळ होते, वाऱ्याचा भार खांबाच्या जोडावर येतो, आणि वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनातील स्फोटक काडतुसे काढल्याची खात्री करून घ्यावी लागते. मोठ्या वस्तूंचे काय होते याचे उदाहरण आपल्यासमोर आहे: १९७१ चे युद्ध लढलेली विमानवाहू नौका विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत २०१२ पर्यंत संग्रहालय म्हणून राहिली, आणि तिचा भार कोणालाही न पेलल्याने शेवटी भंगारात गेली. विराट ही दुसरी विमानवाहू नौका तर आपल्याच गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर तोडली गेली. या दोन्ही नौकांवर ज्यांनी सेवा केली त्यांना किती यातना झाल्या असतील, हे सैन्यात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

फलकावर जे खरे आहे तेवढेच लिहावे. मिळालेला रणगाडा प्रत्यक्ष लढाईत होता याचा लेखी पुरावा नसेल, तर ‘या रणगाड्याने शत्रूचे इतके रणगाडे फोडले’ असे लिहू नये. तो कोणत्या जातीचा आहे, कोणत्या कारखान्यात तयार झाला आणि त्या जातीचे रणगाडे कोणत्या युद्धांत वापरले गेले, एवढे पुरे. विजयंता असेल तर तो चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यात बनलेला, देशात तयार झालेला पहिला रणगाडा होता, ही गोष्टही मुलांना अभिमानाची वाटेल. त्याचा सैनिकी नोंदणी क्रमांक पुसू नये. हुतात्म्यांची नावे वाहनाच्या पत्र्यावर न रंगवता वेगळ्या शिळेवर कोरावीत, म्हणजे रंगकामात ती झाकली जाणार नाहीत. गुजराती तर हवीच, पण ज्या घरात मराठी बोलली जाते त्या जवानाचे नाव मराठीतही असावे.

खर्चाचा हिशेब मांडताना उद्घाटनावर जेवढा निधी ठेवाल, तेवढाच निदान बँकेत मुदत ठेव म्हणून बाजूला काढावा आणि त्याच्या व्याजातून देखभाल करावी. दरवर्षी मे अखेरीस तळाच्या निचऱ्याच्या जाळ्या, झाकणांची रबरे आणि तोफेचे तोंड तपासायचे, आणि दिवाळीनंतर गंज पाहायचा, अशी दोन तपासण्यांची नोंदवही ठेवावी. तपासणीच्या झाकणाची एक किल्ली संस्थेच्या कार्यालयात आणि दुसरी माजी सैनिकांच्या प्रतिनिधीकडे असावी. अर्ज करण्यापूर्वी आरेखन दाखवायचे असेल, तर या उत्तराखाली लिहावे. चौथऱ्याची मापे आणि निचऱ्याची व्यवस्था तपासून देण्यास मी तयार आहे.