समास कापलेल्या जपानी मुद्राचित्राविषयी

जपानी चित्रकार योशिदा हिरोशी यांचे पॅगोडाचे मुद्राचित्र (लाकडी ठशावरून कागदावर छापलेले चित्र) त्यांच्या हयातीत छापलेले आहे की नंतरचे, हे कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. चित्राआधी समास पाहावा. तेथे ‘जिझुरी’, म्हणजे ‘स्वतः छापलेले’, हा शिक्का असेल तर ती प्रत त्यांच्या देखरेखीखाली निघालेली असते. १९५० साली ते वारल्यानंतर त्याच ठशांवरून काढलेल्या प्रतींवर तो नसतो.

माझ्या प्रतीला मात्र आता समासच उरलेला नाही. नोकरीनिमित्त तोक्योत असताना जिम्बोच्योतील एका दुकानातून मी त्यांचे १९३३ सालचे नारा येथील सारुसावा तळ्याचे चित्र घेतले होते, ज्यात कोफुकुजी या बौद्ध मंदिराचा पाचमजली पॅगोडा दिसतो. पुण्यास परतल्यावर मेहुण्यांनी ते हौसेने आपल्या ओळखीच्या फ्रेमवाल्याकडे नेले आणि त्या गृहस्थाने, चित्र आधीच्या तयार चौकटीत बसावे म्हणून, चारही बाजूंचा कागद पट्टी लावून कापला. शिक्का, शीर्षक, खालची पेन्सिलीतील सही, सारे केरात गेले. चित्र तर शाबूत आहे आणि शेवटी ते कॅलेंडरसारखे छापीलच, असे मेहुणे आजही म्हणतात.

छापील खरे, पण कॅलेंडर नव्हे. कोरलेल्या लाकडी ठशावर रंग लावून, वर ओलसर कागद ठेवून, पाठीमागून बारेनने, म्हणजे हातात धरायच्या चपट्या गोल गादीने, घासावे लागते. निक्को येथील देवस्थानाच्या योमेइमोन दरवाजाच्या त्यांच्या १९३७ सालच्या चित्रासाठी असे ९६ हात द्यावे लागले. १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत आधीच्या चित्रांचे ठसे जळाले, आणि पुढे योशिदांनी प्रकाशकावर विसंबणे सोडून कोरणारे व छापणारे कारागीर स्वतःच्या हाताखाली ठेवले. ‘जिझुरी’ हा शिक्का म्हणजे त्या निर्णयाची खूण होय. तिला कोरा कागद म्हणणे हे, माझ्या मते, सातबारा फाडून जमीन जागेवरच असल्याचे सांगण्यासारखे आहे.

एक सांगायचे राहिले. शिक्का नसलेली प्रत्येक प्रत मृत्यूनंतरचीच असते असे नाही, आणि पेन्सिलीतील रोमन सही बहुधा परदेशी ग्राहकांसाठी असल्यामुळे तिच्या अभावी प्रत बाद ठरत नाही. उलट नंतरच्या प्रतींवर ठशाने उमटवलेली सही आढळते, म्हणून ती भिंगातून पाहावी. चौकट करताना समास पुठ्ठ्याखाली झाकण्यास सांगावे, तोही कागदी पट्ट्यांनी अडकवून, आणि फ्रेमवाल्याकडे स्वतः जावे.